तवा हसवून मिळेल का?

ताडकळसच्या बाजाराच्या दिवशी माझ्या वर्कशॉपच्या दारात तीन-चार माणसं ‘तवा’ मागत उभी असतात, आणि त्यातल्या क्वचितच कोणाला भाकरी भाजायची असते. बाहेरगावच्या वाचकांचा घोळ होऊ नये म्हणून आधी ते सांगून टाकतो.

मी शेतीची अवजारं दुरुस्त करतो. ट्रॅक्टरच्या मागे लावून ढेकळं फोडायचं जे जड अवजार असतं, त्याला पुस्तकात तव्यांचा कुळव म्हणतात. आमच्याकडे सगळे हॅरोच म्हणतात. एका दांड्यावर पोलादाच्या खोलगट थाळ्या ओळीने बसवलेल्या असतात. ट्रॅक्टर चालला की त्या गरगर फिरतात आणि माती कापत जातात. या प्रत्येक थाळीचं नाव तवा. हे नाव कोणी ठेवलं माहीत नाही, पण ठेवणारा त्या वेळी उपाशी असणार एवढं नक्की. चुलीवरच्या तव्याशी तिचं रूप हुबेहूब जुळतं. फरक दोनच. हिच्या कडेला धार असते, आणि मधोमध दांडा जाण्यासाठी चौकोनी भोक असतं. नवा तवा बावीस इंचांचा. झिजून अठरावर आला की बदलावा, असं मी सांगतो. “अजून गोल हाय की,” असं शेतकरी सांगतात.

उतरवलेले तवे मी दुकानामागे रचून ठेवतो. त्यांना मरण नाही. कोणी पाण्याच्या टाकीवर झाकण म्हणून नेतो, कोणी कोंबड्यांच्या खुराड्याला दार म्हणून. एकदा एक गुरुजी शाळेला घंटा हवी म्हणून आले. त्यांनी हातात पाना घेतला आणि ढिगातला एकेक तवा तारेला टांगून, डोळे मिटून वाजवून पाहिला. पार दुपार करून टाकली. आमचे वेल्डर रहीमचाचा वैतागले.

“गुरुजी, स्कूल की घंटी लेरे के शादी का बाजा?”

“चाचा, सुटीची घंटा पार वेशीपर्यंत ऐकू गेली पाहिजे,” गुरुजी शांतपणे म्हणाले. “शाळा भरायची नाही गेली तरी चालतंय.”

रहीमचाचा माझ्याहून वयाने मोठे. दुकान सुरू झालं त्या दिवसापासून माझ्याबरोबर आहेत. त्याआधी ते लग्नात लाउडस्पीकर लावायचे, आणि गाण्याच्या रेकॉर्डला अजूनही तवाच म्हणतात. “पैले तवा गाता था, अब तवा मिट्टी खाता,” असं त्यांनी आपल्या आयुष्याचं सार काढलेलं आहे.

सांगायचं हे की तव्याचे बरेच उपयोग मला ठाऊक होते. जॅकखाली ठेवायचा तवा मात्र मला बालाजीने दाखवला.

बालाजी जवळच्याच गावचा, ट्रॅक्टरवाला. हाताने कामसू, मनाने चांगला आणि स्वभावाने उतावळा. परतीच्या पावसात सोयाबीनची पोती भरलेली त्याची ट्रॉली गावाच्या कडेलाच पंक्चर झाली. वर आभाळ दाटलेलं, खाली आमची काळी माती. या मातीत पावसानंतर जॅक लावला तर ट्रॉली वर येत नाही, जॅकच खाली जातो. बालाजीने त्याच्याखाली दगड ठेवला. दगडही गेला. फळी ठेवली, ती मोडली. काहीतरी रुंद, सपाट आणि लोखंडी पाहिजे होतं. घर तिथून हाकेच्या अंतरावर. बायको देवळात गेलेली. बालाजी धावत घरी गेला, चुलीपाशी उभा केलेला तवा उचलला आणि आणून जॅकखाली सरकवला.

ट्रॉली उचलली गेली. चाक बदललं. सोयाबीन भिजायच्या आत घरात पडलं. इथपर्यंत त्याची अक्कल मी मान्य करतो.

दुसऱ्या दिवशी तो दुकानात आला तो टॉवेलमध्ये काहीतरी गुंडाळून, काखेत धरून.

“मेस्त्री, जरा आत चला.”

“काय आणलंस?”

“तुमीच बघा. पर बोंबलू नका.”

टॉवेल सोडला. तव्याच्या बरोबर मधोमध जॅकच्या बुडाएवढा खळगा पडला होता. तव्याची वाटी झाली होती. मी सवयीने कॅलिपर काढून खळग्यात उतरवला.

“एकवीस मिलिमीटर.”

“खोली कशाला मोजायलाव, मेस्त्री? मी किती खोलात गेलोय ते मला माहिती हाय!”

चाचांनी चष्मा वर केला. “क्यूं मियाँ, तवे पे ट्रॉली भूनी क्या?”

“हसू नका चाचा. सुमनच्या आईचा तवा हाय. पोखर्णीहून आलेला. लग्नात दिलता.”

हे ऐकून चाचाही गंभीर झाले. त्यांनी तवा ऐरणीवर घेतला आणि लाकडी हातोड्याने, लहान मुलाला थोपटावं तसा थोपटत थोपटत सपाट केला. सपाट झाला, आणि शेवटच्या ठोक्याला मधून केसाएवढी रेघ उमटली. वर्षानुवर्षं भाकऱ्या भाजून मधला भाग पत्र्यासारखा पातळ झाला होता. तिथे वेल्डिंग मारलं असतं तर तापल्यावर शेजारी उललं असतं, आणि टाक्यावर भाकरी चिकटली असती ते वेगळंच. मी नाही म्हणालो. पैसे घेऊन वाईट काम देण्यापेक्षा नाही म्हणणं स्वस्त पडतं. तरी वाईट वाटलं. असा हाताने ठोकून घडवलेला, कडेपासून मध्यापर्यंत हळूहळू उतरत जाणारा तवा करणारा लोहार आता मला कुठे ठाऊक नाही.

बाजाराच्या दिवशी सुमनवहिनी स्वतः आल्या. एका हातात भाजीची पिशवी, मागे चार पावलांवर बालाजी.

“मेस्त्रीभाऊ, ह्यांचा पेशंट कुठं हाय?”

मी तवा पुढे केला. त्यांनी बोटाच्या पेराने त्यावर टकटक केलं आणि कान लावला. आवाज फुटका आला.

“गेला,” त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, “हसायचा हो हा.”

तवा हसणं म्हणजे काय, हे गॅसवर स्वयंपाक करणाऱ्यांसाठी सांगतो. चुलीवर तव्याच्या बुडाला काजळीचा थर बसतो. कधीकधी भाकऱ्या झाल्यावर तवा उतरवून उलटा केला, की त्या काजळीत बारीक लाल ठिणग्या इकडून तिकडे पळत सुटतात. त्याला तवा हसला म्हणतात. तवा हसला की घरी पाहुणा येतो, असं आमच्याकडच्या बायका खात्रीने सांगतात.

“हा हसला की पोखर्णीहून माझा भाऊ येणार म्हंजे येणार,” वहिनी म्हणाल्या. “एकदाबी चुकला न्हाई.”

“भाऊ दर आठवड्याला येतोय,” बालाजी मागून पुटपुटला. “चुकंल कसा?”

वहिनींनी मान वळवली. बालाजी ताबडतोब माझ्या ड्रिल मशीनचं निरीक्षण करू लागला.

“मेस्त्रीभाऊ, नवा तवा करून द्या. घरची भाकरी काय थांबायची न्हाई. सासूबाईला मिळंल, लेकरांला मिळंल, सालगड्याला मिळंल, दारच्या कुत्र्यालाबी मिळंल. ह्यांना मातर ज्या दिवशी नवा तवा हसंल त्याच दिवशी.”

“आन् तोवर?” बालाजीने विचारलं.

“भात.”

या शिक्षेची कलम-उपकलमं समजून घ्यायला माणूस परभणी जिल्ह्यातला हवा. आमच्याकडे ज्वारीची भाकरी खाल्ली तर जेवण झालं. भात हा जेवणानंतरचा विषय आहे. नुसता भात आजारी माणसाला देतात. बालाजी तिथल्या तिथे आजारी दिसू लागला.

नवा तवा मी मागच्या ढिगातूनच निवडला. सतराच्या आसपास झिजलेला, चांगल्या पोलादाचा, न वाकलेला. गॅस कटरने गोल कापून चौदा इंचांवर आणला. राहिलं मधलं चौकोनी भोक. हे पोलाद फार मानी असतं. थंड असताना वेल्डिंग मारलं तर गुपचूप घेतं आणि थंड होताना ‘टण्’ आवाज करून फुटतं. म्हणून आधी अख्खा तवा तापवला, भोकात तेवढीच चौकोनी पट्टी बसवून चाचांनी टाके मारले आणि लगेच सगळं राखेच्या ढिगात पुरून ठेवलं, म्हणजे हळूहळू निवावं. दुसऱ्या दिवशी काढला, ग्राइंडरने वरची बाजू गुळगुळीत केली. खालच्या बाजूला ठिगळ मुद्दाम जाड ठेवलं. मजबुतीच्या बाबतीत मी कोणाचं ऐकत नाही.

मी हात धुऊन येतो तर चाचांनी ब्रश रेड ऑक्साइडच्या डब्यात बुडवून तव्यावर एक लालभडक पट्टा ओढलेला!

“चाचा! भाकरी भाजायचीय त्याच्यावर!”

चाचा ब्रशकडे बघत राहिले. आमच्या दुकानातून रंग मारल्याशिवाय खिळासुद्धा बाहेर जात नाही, त्यामुळे त्यांचा हात आपोआपच गेला होता. “आदत है भई. कल कू दुकान में दूल्हा आया, तो उसकू भी पैले रेड ऑक्साइड मारतूं मैं.”

तो पट्टा घासून काढायला तवा करण्याइतकाच वेळ गेला.

पुढच्या आठवड्यात बालाजी फडक्यात भाकऱ्या घेऊन आला. आमच्या दोघांसाठी, वहिनींनी दिलेल्या. वर मिरचीचा ठेचा. भाकऱ्या पापुद्रा सुटलेल्या, मऊ, कडेपर्यंत भाजलेल्या. आणि प्रत्येक भाकरीच्या मधोमध एक खरपूस, तपकिरी, काटकोनात काटकोन असलेला चौकोन. माझं जाड ठिगळ जास्त उष्णता धरून ठेवत होतं. मी कॅलिपर लावला. मापात एका रेषेचा फरक नव्हता.

“खालून घासून देतो,” मी शरमून म्हणालो.

“नगं. राहू द्या म्हनली ती. शिक्का मारल्यावाणी दिसायलंय, सरकारी माल वाटतोय म्हनली.”

आम्ही जेवायला बसलो. बालाजी समोर स्टुलावर बसून आमचा प्रत्येक घास नजरेने तोंडापर्यंत पोचवत होता. मी अर्धी भाकरी पुढे केली.

“घे रे. इथं कोण बघतंय?”

“नगं, मेस्त्री. तिचा शब्द हाय. मोडला तर भातबी जायचा.” मग स्टूल पुढे ओढून त्याने हळूच विचारलं, “तवा हसवून मिळंल का? काय घेताव?”

आजवर माझ्याकडे लोकांनी नाना कामं आणली आहेत. एकाने सासऱ्याच्या कवळीची तार जोडायला आणली होती. पण असं काम पहिलंच. चाचांना ठसका लागला.

“हसाने का? अरे मियाँ, मैं घर में बीवी कू नै हसा सका आज तक, तवे कू कैसा हसाऊं?”

मी त्याला समजावलं. नव्या तव्याला काजळी धरायला महिने लागतात. चुलीत तुराट्या-पऱ्हाट्या जळत राहायला हव्यात आणि त्यात कोणाचाही वशिला चालत नाही. बालाजीचा चेहरा इतका पडला की चाचांना राहवेना.

“काजलीच होना ना? अपने पास है.”

त्याचं असं आहे. वेल्डिंगच्या ज्योतीला दोन गॅस लागतात, अॅसिटिलीन आणि ऑक्सिजन. ऑक्सिजन बंद ठेवून नुसतं अॅसिटिलीन पेटवलं तर पिवळी, आळशी ज्योत निघते आणि दाट काळा धूर सोडते. दुकानात त्याच्या जळमटांसारख्या काजळ्या उडतात. काजळी ती काजळी, असं मीही म्हणालो. बालाजी ‘तव्याला कान बसवायचाय’ म्हणून घरून तवा घेऊन आला, आणि चाचांनी त्याच्या बुडाला असा मखमली काळा थर दिला की पाहत राहावं. कानही बसवला. खोटं बोलायचं नाही.

पुढचं बालाजीने सांगितलं. वहिनींनी तवा चुलीवर ठेवला, खाली जाळ लागला आणि ती काजळी हसण्याऐवजी सगळीच्या सगळी सुटली. काळी फुलपाखरं उडाल्यासारखी घरभर उडाली. पिठावर, दुधावर, सासूबाईंच्या पातळावर, मांजरावर.

“हसला न्हाई मेस्त्री,” बालाजी म्हणाला, “खोकला!”

वहिनींनी तवा उतरवून हुंगला. “ह्याला वर्कशॉपचा वास यायलाय,” म्हणाल्या. मग राख आणि काथ्या घेऊन बसल्या आणि तवा बुडापासून चकचकीत करून ठेवला. होती ती थोडी खरी काजळीही त्यात गेली. बालाजी पुन्हा पहिल्या दिवसावर आला. सासूबाईंनीही सुनेचीच बाजू घेतली, कारण त्यांचं पातळ नवं होतं.

तोवर ही गोष्ट गावभर झाली होती. पारावर बालाजी दिसला की म्हातारे विचारायचे, “काय रे, भात शिजला का?” वरून हसायचा तो, पण आतून खचला होता. मला म्हणाला, “मेस्त्री, भाकरीचं जाऊ द्या. ती वाढताना तोंडाकडं बघत न्हाई. त्यो तवा मी विचारून नेला असता तरी तिनं दिला असता. तिला त्येच लागलंय.”

मार्गशीर्षात त्यांच्या गावात सप्ताह बसला. शेवटच्या दिवशी आमटी-भाकरीची पंगत असते. आमटी देवळापुढे मोठ्या कढईत शिजते. भाकऱ्या मात्र घराघरातून येतात. सकाळी ट्रॉली गल्लीगल्लीतून फिरते आणि प्रत्येक घर आपापल्या भाकऱ्या तिच्यात अंथरलेल्या धोतरांवर आणून टाकतं. थोरल्या घरची, गरिबाघरची, या आळीची, त्या आळीची, सगळ्या एकत्र. कोणाची भाकरी कोणाच्या पानात गेली ते कळू नये, हीच त्यातली खुबी आहे. ट्रॉली बालाजीचीच, तीच. कढईखालची लोखंडी तिवई आम्ही जोडून दिली होती, म्हणून मला आणि चाचांना आग्रहाचं बोलावणं होतं.

पंगतीत बालाजी आमच्या दोघांच्या मध्ये बसला. सप्ताहाची भाकरी ही काही घरची नव्हे, त्यामुळे आज तो शब्द न मोडता जेवणार होता. सकाळपासून खुशीत होता. वाढपी भाकऱ्या वाढत आला. माझ्या पानात एक, बालाजीच्या पानात एक, चाचांच्या पानात एक.

बालाजीच्या भाकरीवर चौकोन होता.

आधी ते चाचांनी पाहिलं. “या अल्ला,” एवढंच म्हणाले. मग समोरच्याने पाहिलं आणि ओरडला, “शिक्क्याची आली! बालाजीला शिक्क्याची आली!” सगळी पंगत उठून उठून बघायला लागली.

“खाय रे बालाजी! देवानंच धाडली!”

“असं कसं? वैनीचा शब्द हाय की.”

“पंगतीत पडली ती देवाची. बायकोची कशी?”

“शिक्का कोनाचा हाय तेवढं बघा!”

ट्रॉलीभर भाकऱ्यांतून नेमकी तीच, त्याच्याच पानात. मी हिशेबी माणूस, तरी त्या शक्यतेचा हिशेब मला मांडता आला नाही. बालाजीने भाकरी दोन्ही हातांनी उचलली. नाकाशी नेली. डोळे मिटले. मग ती त्याने अलगद माझ्या पानात ठेवली.

“तुमी घ्या, मेस्त्री. माझ्याकडं चुकून आली.”

पलीकडे बायकांच्या पंगतीला सुमनवहिनी आमटी वाढत होत्या. त्यांनी हे सगळं पाहिलं होतं. त्या बादली घेऊन सरळ आमच्या ओळीत आल्या, माझ्या पानातली भाकरी उचलली आणि बालाजीच्या पानात परत ठेवली. मी तोवर कडेचा एक तुकडा मोडला होता. तोही त्यांनी माझ्या हातातून काढून घेतला.

“चुकून न्हाई आली,” त्या म्हणाल्या. “खावा आता गुमान.”

“पर तवा हसला न्हाई अजून.”

“त्यो त्याच्या सवडीनं हसंल.” आणि भाकरीवर आमटीचं वगराळं ओतताना त्यांनाच इतकं हसू आलं की निम्मी आमटी बालाजीच्या मांडीवर गेली. तो पोळला, ओरडला आणि जेवू लागला. त्या दिवशी त्याने किती भाकऱ्या खाल्ल्या ते मी मोजलं नाही. मोजायचा माझा नाद आयुष्यात तेवढ्याच वेळी सुटला.

पोखर्णीचा जुना तवा आता ट्रॉलीच्या हत्यारांच्या पेटीत असतो. वहिनींनीच तो बालाजीच्या हातात दिला. “हा तुमचा. चुलीवरच्याला हात लावायचा न्हाई.” त्याला मात्र रहीमचाचांनी मन भरेपर्यंत रेड ऑक्साइड मारला. आसपासचे ट्रॅक्टरवाले आता माझ्याकडे येऊन ‘जॅकचा तवा’ मागतात. ढिगातले जुने तवे मी त्यासाठी देतो. आणखी काही जण ‘शिक्क्याचा तवा’ मागतात. तो मी भोकाला जाड ठिगळ लावून करून देतो, आणि बायकोला विचारून आलात का, हे आधी विचारतो.

हा लेख लिहायला बसलो होतो तेव्हाच बालाजीचा फोन आला. एवढा मोठा आवाज की चाचांना लांबून ऐकू गेला.

“मेस्त्री! हसला! आत्ता हसला! लय हसला!”

“मग पाहुणा कोण आला? पोखर्णीहून मेहुणा?”

“कुनीच न्हाई आलं. मीच रानातून घरी आलो,” तो म्हणाला, “तर ही म्हनली, बसा पाव्हणं.”